मार्सेलिसच्या धक्क्यावर



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही ‘मार्सेलिस’ म्हणालो आणि मंडळी बुचकळ्यात पडली. जीन-प्रेसच्या कामगारांत उभा जन्म गेला, त्या माणसाने बोनसवर बोलावे. फ्रान्सशी त्याचा काय संबंध! तो संबंध आहे, आणि थेट आपल्या खामगावच्या स्टेशनापर्यंत येतो.

कामगारांच्या एका बैठकीसाठी आम्ही युरोपात गेलो होतो. परतताना मार्सेलिसला दोन दिवस मोकळे मिळाले. तिकडे वाटाड्याबरोबर पायी शहर पाहण्याची चांगली सोय असते. पैसे भरावेत आणि दहापंधरा जणांच्या घोळक्यातून चालू लागावे.

फेरी सुरू होते ती जुन्या बंदरापासून. ख्रिस्तपूर्व ६०० च्या सुमारास ग्रीक दर्यावर्दी येथे उतरले आणि हे गाव वसले. बंदराच्या तोंडाशी दोन बाजूंना दोन किल्ले आहेत. गावाने बंडाळी केली म्हणून चौदाव्या लुईने ते १६६० नंतर भक्कम केले. तोफांचा रोख समुद्रापेक्षा गावाकडेच अधिक होता, असे वाटाड्याने हसत सांगितले. राज्यकर्त्यांचे हे शहाणपण आम्हांस नवे नव्हते.

बंदरापासून निघणाऱ्या हमरस्त्याचे नाव कानबिएर. मोठमोठी दुकाने, दिव्यांचा झगमगाट. आणि नाव मात्र पडले वाखाच्या झाडावरून! जहाजांचे दोर वळणाऱ्यांचा हा भाग. आपल्याकडे अंबाडी सोलून दोर वळणाऱ्यांच्या नावाने कोणी राजरस्ता ठेवला आहे काय?

बंदराच्या काठची जुनी वस्ती आता तेथे नाही. १९४३ च्या जानेवारीत जर्मनांनी, फ्रेंच पोलिसांच्या मदतीने, वीस हजारांवर माणसे घराबाहेर काढली. शेकडोंना छळछावण्यांकडे धाडले आणि फेब्रुवारीत घरे सुरुंगांनी उडवून दिली. ती वस्ती हमालांची, कोळ्यांची, परदेशातून पोटासाठी आलेल्यांची होती. येथे वाटाडा हळू बोलू लागला.

पुढे जोलिएतच्या गोद्या लागतात. तेथील वखारीची इमारत ३६५ मीटर लांब आहे. आमच्या घोळक्यातील लोक छायाचित्रे घेत होते. आम्ही मनात गोण्या मोजीत होतो. मार्सेलिसचा साबण जगप्रसिद्ध. तो मूळचा ऑलिव्हच्या तेलाचा, पण एकोणिसाव्या शतकात कारखाने वाढले तसे त्यांना तीळ आणि भुईमूग लागू लागला, आणि त्यातला बराचसा हिंदुस्थानातून येई. ह्याच बंदरातील कामगारांनी १९५० साली व्हिएतनामच्या लढाईची शस्त्रे जहाजांवर चढविण्याचे नाकारले, हे आम्ही वाटाड्याला विचारून घेतले. तो आपणहून सांगणार नव्हता.

दुसरीही एक गोष्ट विचारली : १९१० साली एक हिंदी कैदी येथे जहाजातून निसटला, ती जागा कोणती? त्याला नाव ठाऊक नव्हते. त्याचा दोष नाही. ते त्याच्या फेरीत नव्हते. फेरी संपल्यावर आम्ही पुन्हा धक्क्यांच्या बाजूने चालत गेलो.

आपल्याकडे सावरकरांनी दिवसच्या दिवस समुद्र पोहून काढला अशा गोष्टी सांगतात. खरी हकीकत लहान आहे आणि म्हणूनच अंगावर काटा आणते. ‘मोरिया’ बोट ७ जुलैला बंदरात आली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा-सातच्या दरम्यान शौचकूपातून ते निसटले, पाण्यात पडले, पोहत काठाला लागले आणि धावत सुटले. फ्रेंच शिपायाने धरले, बोटीवरून आलेल्या माणसांनी हात लावला, आणि काही मिनिटांत सगळा खेळ आटोपला.

परंतु त्या काही मिनिटांत पाय फ्रान्सच्या जमिनीला लागले होते! परमुलखात आश्रयाला आलेल्या राजकीय कैद्याला असे परस्पर परत देता येते काय, हा प्रश्न उभा राहिला. मादाम कामा धावल्या. ‘ल्युमानिते’ ह्या समाजवादी पत्राने आवाज उठविला. कार्ल मार्क्सचे नातू जां लाँगे ह्यांनी लेखणी हाती घेतली. प्रकरण हेगच्या लवादापुढे गेले. २४ फेब्रुवारी १९११ रोजी निकाल लागला : पकडण्यात अनियमितपणा झाला खरा, पण कैदी परत करण्याचे बंधन ब्रिटनवर नाही. सावरकरांच्या पुढल्या राजकारणाशी आमचे जुळले नाही, जुळण्याजोगे नव्हतेच. तरी एका परक्या कैद्यासाठी ज्या परक्या मजुरांच्या पत्राने भांडण मांडले, त्याचा आम्हांला अभिमान वाटतो.

चार वर्षांनी, १९१४ च्या सप्टेंबरअखेर, ह्याच बंदरात हिंदी पलटणी उतरल्या. मुंबईच्या सॅपर्सच्या दोन कंपन्या त्यांत होत्या. शहराबाहेर माझार्ग येथे हिंदी सैनिकांचे स्मारक आहे. तेथेही घोळका नव्हता.

आता खामगाव. सुवेझचा कालवा खुला झाला १८६९ च्या नोव्हेंबरात. जलंब-खामगाव रेल्वे सुरू झाली १८७० साली, लॉर्ड मेयोच्या हस्ते. चार महिन्यांहूनही कमी अंतर! वऱ्हाडच्या रुईसाठीच हा आठ मैलांचा फाटा टाकला. ज्यांनी गाठी दाबल्या, पट्ट्या आवळल्या, वाघिणी भरल्या, त्यांची फेरी कोण काढणार? जुन्या प्रेसमध्ये राबलेली आठदहा म्हातारी माणसे अजून गावात आहेत. अकरा होती, गेल्या पावसाळ्यात दोघे गेले. कोणत्या फाटकाशी भोंगा होता, बायकांना मजुरी कोठे वाटत, कोणत्या भिंतीला आगीच्या खुणा आहेत, हे त्यांनाच ठाऊक आहे.

येत्या रविवारी सकाळी सहा वाजता त्यांपैकी चौघे स्टेशनावर येणार आहेत. पैसे पडणार नाहीत. ऊन फार होते, तेव्हा डोक्याला काही बांधून या. आणि ज्यांच्या घरी जुने हजेरीकार्ड असेल त्यांनी ते बरोबर आणावे.