सतरा रुपये सत्तर पैसे

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आपल्या चिटणीसांनी मला भाषणाचा विषय विचारला, तेव्हा मी 'पासबुक' असे उत्तर दिले. त्यांना ती थट्टा वाटली. संमेलनात बोलावयाचे म्हणजे संस्कार, शिक्षण, तरुणांपुढील आदर्श असे काही तरी बोलावे, असा प्रघात आहे. परंतु मी एक मॅट्रिक झालेला सेवानिवृत्त शाळामास्तर. छत्तीस वर्षे मुलांना शेकडेवारी, नफातोटा आणि सरळव्याज शिकविले. आदर्शांविषयी बोलण्यास येथे माझ्याहून अधिकारी माणसे बसली आहेत. मी हिशेबाविषयी बोलेन.

माझी पत्नी शिलाईकाम करीत असे. त्या मिळकतीतून शिल्लक टाकता यावी म्हणून तिने एका मोठ्या बँकेत बचत खाते उघडले होते. पहिले नाव तिचे, दुसरे माझे. पुढे तिचे दुखणे बळावले. इस्पितळाच्या धावपळीत त्या खात्यातून रक्कम काढावी लागली आणि खाली चार हजार तीनशे बारा रुपये उरले. ती गेली. ते चार हजार मात्र नातीच्या नावे तिची आठवण म्हणून ठेवावयाचे असे मी मनाशी ठरविले, आणि शोकात व आळसात पासबुक कपाटात पडून राहिले. तिच्या निधनाची वर्दी मी बँकेस दिली नाही, ही माझी चूक. ती मी प्रथमच कबूल करून टाकतो.

चौदा महिन्यांनी पासबुक भरून आणले. व्याजाचे चार-दोन रुपये सोडता शिल्लक एक हजार पंचावन्न रुपये वीस पैसे.

मी ओळी वाचू लागलो. त्या खात्यात किमान पाच हजार रुपये असावयास हवे होते. ते नव्हते, म्हणून पहिले दहा महिने दरमहा दीडशे रुपये दंड आणि त्यावर शेकडा अठरा कर, मिळून एकशे सत्त्याहत्तर. अकराव्या महिन्यापासून दरमहा तीनशे चोपन्न. दंड दुप्पट का झाला? शिल्लक अडीच हजारांच्या खाली गेली म्हणून. आणि शिल्लक अडीच हजारांच्या खाली का गेली? दंड कापून घेतल्यामुळे! असे उदाहरण मी कधी सातवीच्या पेपरात घातले असते, तर अधिकाऱ्यांनी 'गणित अवास्तव आहे' असा शेरा मारला असता.

याखेरीज दर तिमाहीस आणखी एक ओळ होती : सतरा रुपये सत्तर पैसे. म्हणजे पंधरा रुपये अधिक शेकडा अठरा कर. हा आकार एसएमएसचा, म्हणजे भ्रमणध्वनीवर पाठविलेल्या संदेशांचा. मी खिडकीवर गेलो. तेथे एक तरुण मुलगा होता, माझ्या विद्यार्थ्याच्या वयाचा. मी विचारले, "एवढा दंड आकारण्यापूर्वी आम्हांस कळवावयास नको होते काय?" तो म्हणाला, "काका, कळविले आहे. दर महिन्यास मेसेज गेलेला आहे." कोणत्या क्रमांकावर? तिच्या. तो दूरध्वनी आम्ही तिच्या मागे महिन्याभरातच बंद केला होता.

मंडळी, जी या जगात नाही तिला, जो क्रमांक चालू नाही त्यावर, दंडाच्या सूचना जात होत्या; आणि त्या सूचना पाठविण्याचा खर्चही तिच्याच शिलाईच्या पैशांतून वळता होत होता.

त्या मुलावर माझा राग नाही. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिले, आणि "हे वरून सिस्टीममधून होते, आमच्या हातात काही नाही" असे खाली मान घालून सांगितले. मला वाटते, तो खरेच बोलत होता. त्याने एक क्रमांक लिहून दिला. त्या क्रमांकावर मी जे अनुभवले ते आपल्यापैकी बहुतेकांनी अनुभवले असेल. एक दाबा, दोन दाबा, मराठीसाठी अमुक दाबा, मग वाद्यसंगीत, मग एक गोड आवाज सांगतो की आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि पुन्हा वाद्यसंगीत. पाऊण तासाने एक भगिनी बोलू लागल्या. सारे ऐकून घेऊन म्हणाल्या, "ज्यांच्या नावाचे खाते आहे त्यांना फोन द्यावा." मी म्हणालो, "त्या नाहीत." त्या म्हणाल्या, "मग त्या केव्हा उपलब्ध होतील?"

मी फोन ठेवला. त्या बाईंना समोरच्या कागदावर लिहून दिलेला प्रश्नच विचारावयाचा होता, हे मला नंतर उमजले. त्या क्षणी उमजले नाही.

आमच्या लहानपणी गावात एक किराणा दुकानदार होते. ते अगदी धर्मराज होते असे मी म्हणणार नाही. त्यांच्या तागडीविषयी गावात कुजबुज असे. परंतु ते ओट्यावर बसत. वहीत एक आणा अधिक लागला तर माझी आई तेथे उभी राहून चार बायकांदेखत विचारीत असे, आणि त्यांना उत्तर द्यावे लागे. आज ज्याने सतरा रुपये सत्तर पैसे घेतले, त्याचा ओटा कोठे आहे? नफा घेणारा एके ठिकाणी, नियम करणारा दुसऱ्या ठिकाणी, आणि बोलणी खाणारा तिसऱ्याच ठिकाणी पोटासाठी बसलेला असतो. मोठ्या कंपन्यांची खरी किमया ही आहे.

दुसरी किमया रकमेची. पाचशे रुपये नाहीसे झाले तर आपण चौकशी करू. सतरा रुपयांसाठी कोण करील? जाण्यायेण्याचा रिक्षाखर्चच साठ रुपये होतो. शिवाय आपल्या लोकांत एक संकोच आहे : एवढ्याशा पैशांवरून तोंड उघडले तर माणूस हलका दिसतो, असे आपणांस वाटते. लग्नात पंगतीच्या पंगती उठविताना हात आखडत नाही, आणि आपल्याच पैशांचा हिशेब मागताना जीभ अडखळते! 'थेंबे थेंबे तळे साचे' असे मी मुलांच्या पाटीवर शेकडो वेळा लिहिले. तळे कोणाचे साचते हे मात्र कधी सांगितले नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्यसभेत सरकारने एक उत्तर दिले. सार्वजनिक क्षेत्रातील बँका आणि पाच मोठ्या खासगी बँका यांनी २०१८ पासून किमान शिल्लक न राखल्याच्या दंडापोटी एकवीस हजार कोटी रुपयांहून अधिक आणि केवळ एसएमएसच्या आकारापोटी सहा हजार कोटी रुपयांहून अधिक वसूल केले होते. ते सहा हजार कोटी अशाच सतरा-सतरा रुपयांचे आहेत.

आता, बँकेने आकार घेऊच नये असे माझे म्हणणे नाही. इमारत आहे, नोकरवर्ग आहे, खर्च येणारच. परंतु तो उघडपणे सांगून घ्यावा. आणि नियम तरी दुसरे काय सांगतो? रिझर्व्ह बँकेने २० नोव्हेंबर २०१४ रोजी परिपत्रक काढले; ते १ एप्रिल २०१५ पासून अमलात आले. शिल्लक कमी पडल्यास ग्राहकास तसे स्पष्ट कळवावे, ती भरून काढण्यास किमान एक महिना द्यावा, दंड तुटीच्या प्रमाणात असावा आणि केवळ दंडापायी खाते उणे होऊ नये, असे त्यात म्हटले आहे. एसएमएसचा आकार प्रत्यक्ष वापरानुसार घ्यावा, असे २०१३ सालीच सांगितले गेले. ज्यांना किमान शिल्लक ठेवणे शक्य नाही त्यांच्यासाठी मूलभूत बचत खाते आहे; त्यात शून्य शिल्लक चालते. भारतीय स्टेट बँकेने हा दंड २०२० साली उठविला, आणि २०२५ साली इतर अनेक सरकारी बँकांनीही उठविला. हे सारे मला खिडकीवर कोणी सांगितले नाही. माझ्या मुलीने संगणकावर शोधून छापून दिले.

मग मी माझ्या सवयीचे शस्त्र उचलले, म्हणजे लेखणी. दोन पानी अर्ज लिहिला. तारखेसह प्रत्येक कपात, तिची बेरीज, मृत्यूच्या दाखल्याची प्रत आणि एकच प्रश्न : एक महिन्याच्या मुदतीची सूचना कोणास पोचली, ते दाखवावे. पत्र पोचपावतीसह रजिस्टर टपालाने पाठविले. (१ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन झाले आहे, तेथेही पोचपावती मिळते, ती घ्यावी.) तीस दिवस वाट पाहिली. उत्तर आले ते छापील : आपल्या सूचनेबद्दल आभार. तेव्हा रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे गेलो. १२ नोव्हेंबर २०२१ पासून लोकपालाची एकच योजना झाली आहे. तक्रार संगणकावरून करता येते, टपालानेही करता येते. फी नाही, वकील लागत नाही. मुख्य अट अशी की प्रथम बँकेकडे लेखी तक्रार केलेली असावी आणि तिला तीस दिवसांत उत्तर आलेले नसावे किंवा उत्तराने समाधान झालेले नसावे.

दोन महिन्यांच्या आत बँकेतून फोन आला. या खेपेस वाद्यसंगीत नव्हते. दंडाचे तीन हजार एकशे शहाऐंशी रुपये परत जमा झाले.

एसएमएसचे सत्तर रुपये ऐंशी पैसे जमा झाले नाहीत. आपण पुन्हा लिहावे असे आठ दिवस वाटत होते. मग मी ते सोडून दिले. एवढ्यासाठी कोण भांडतो, हे वाक्य त्या दिवशी मी स्वतःच उच्चारले, आणि त्या सहा हजार कोटींत माझीही भर पडली.

हे केवळ बँकेचे नाही. उपाहारगृहाच्या बिलात न विचारता 'सेवा आकार' मांडतात. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी तो सक्तीने घेण्यास मनाई केली आणि २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ती मनाई योग्य ठरविली. आमच्या नातवाने भ्रमणध्वनीवर प्रवासाचे तिकीट काढले, तेव्हा पहिल्या पानावर एक किंमत आणि पाचव्या पानावर दुसरी; मध्येच विम्याच्या चौकोनात आधीच बरोबरची खूण केलेली. परीक्षेत मुलाने असे केले तर त्यास आम्ही काय म्हणत असू, ते येथे सांगत नाही. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा तेरा क्लृप्त्यांना सरकारने अनुचित ठरविले. खरी किंमत शेवटच्या पायरीवर सांगणे, न मागितलेली वस्तू टोपलीत सरकविणे, वर्गणी सुरू करणे सोपे आणि बंद करणे अवघड ठेवणे, इतकेच काय, पण 'नको' म्हणणाऱ्यास लाज वाटेल अशी शब्दरचना करणे, हेही त्यात आहे.

विम्याविषयी एक गोष्ट भगिनींनी ध्यानात ठेवावी. मुदतठेव करावयास गेलेल्या कित्येक स्त्रियांच्या हाती 'तेच आहे, व्याज जास्त आहे' असे सांगून विम्याची पॉलिसी दिली जाते. आपल्या ज्ञातीतही हे घडले आहे. नाव घेत नाही. पॉलिसीचा कागद हाती आल्यापासून तीस दिवसांच्या आत ती रद्द करता येते. म्हणून तो कागद देवघरात ठेवण्यापूर्वी वाचून घ्यावा, वा वाचवून घ्यावा.

ही भांडणे लढण्याची वाट महाराष्ट्रानेच आधी चोखाळली. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली. ग्राहक संरक्षणाचा कायदा त्यानंतर बारा वर्षांनी, १९८६ साली झाला. आता २०१९ चा नवा कायदा आहे. त्यानुसार आपण जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारास फी पडत नाही. १९१५ हा सरकारी मदतीचा क्रमांक घरोघरी लिहून ठेवावा.

आणि अध्यक्षमहोदय, आता थोडे कडू बोलतो. आपल्या मंगल कार्यालयाच्या दारावर भाड्याचा फलक आहे. मागील वैशाखात एका वधूपित्यास मी हिशेब करताना पाहिले. फलकावरील भाडे वेगळे. मग वीज वेगळी, जनरेटर वेगळा, सफाई वेगळी, फुटलेल्या कपांचे वेगळे, आणि अनामत रकमेतील काही भाग कशासाठी ठेवून घेतला हे व्यवस्थापकांसही सांगता येईना. तो गृहस्थ काही बोलला नाही. मुलीची पाठवणी व्हावयाची होती. तो काय बोलणार? कंपनीस ओटा नाही म्हणून मी आताच बोललो. आपणांस ओटा आहे, तो हाच. कार्यालयाचे सर्व आकार एका फलकावर, मराठीत, दुरून वाचता येतील अशा अक्षरांत लिहावेत, असा ठराव मी चिटणीसांकडे लेखी दिला आहे. अध्यक्षमहोदय मान हलवीत आहेत. ती होकारार्थी आहे असे मी समजतो. (हशा)

दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात. त्या दिवशी सायंकाळी पाच ते सात मी संस्थेच्या वाचनालयात बसणार आहे. ज्यांना एखादी कपात कळत नसेल त्यांनी पासबुक भरून आणावे. रक्कम लहान असली तरी आणावे. सतरा रुपये सत्तर पैसे असले तर अवश्य आणावे, तो विषय माझा अपुरा राहिला आहे. कोरे कागद आणि पाकिटे माझ्याकडे आहेत. चष्मा मात्र आपापला आणावा.