एका आडनांवाचा प्रवास



आडनांव हें माणसास वडिलांकडून आयतें मिळणारें धन आहे. आपण स्वतः त्यांत एका अक्षराचीही भर घालीत नाहीं. परंतु लिहिणारा कारकून, ऐकणारा कान आणि परक्या देशाची लिपि हीं तिन्हीं मिळून त्यांत पुष्कळच फेरबदल करितात. ज्यू लोकांतील अशाच एका आडनांवाची हकीकत आज मी आपणांपुढें मांडणार आहें. त्याचें सर्वपरिचित रूप होरोविट्झ असें आहे.

आजच्या चेक प्रजासत्ताकांत, प्राग शहराच्या नैर्ऋत्येस, होर्झोवित्से नांवाचें एक लहानसें शहर आहे. त्यावरून हें आडनांव पडलें. आपल्या कोंकणांतील बेने इस्राएल मंडळींनीं किहीमवरून किहीमकर, पेणवरून पेणकर, रोह्यावरून रोहेकर अशीं आडनांवें घेतलीं, तोच हा प्रकार. फरक इतकाच कीं, तेथें आपला ‘कर’ प्रत्यय नाहीं. गांवाचें नांवच माणसास चिकटलें. मराठींत सांगावयाचें तर होरोविट्झ म्हणजे होर्झोवित्सेकर!

१७८७ सालीं सम्राट दुसरा जोसेफ ह्यानें आपल्या राज्यांतील ज्यूंना कायमचें आडनांव घेण्याचा हुकूम केला. होरोविट्झ घराणें मात्र त्यापूर्वीं अडीचशें वर्षें प्रागमध्यें नांदत होतें. आरोन मेशुल्लाम होरोविट्झ ह्यानें १५३५ सालीं पुरें केलेलें तेथील पिंकस प्रार्थनामंदिर आजही उभें आहे. ह्याच घराण्यांतील प्रख्यात धर्मपंडित यशया होरोविट्झ हे १६१४ मध्यें प्रागला धर्मगुरु झाले आणि १६२१ मध्यें जेरुसलेमास गेले.

पुढें ह्या नांवाचीं माणसें युरोपभर पसरलीं आणि नांवाचीं रूपें वाढलीं. ह्याचें पहिलें कारण हिब्रू लिपींत आहे. तींतील ‘वाव’ हें एकच अक्षर ओ, ऊ आणि व ह्या तिन्हीं ध्वनींचें काम करितें. त्यामुळें तेंच लिखित नांव कोणी होरोविट्झ वाचलें, तर कोणी हुर्विट्झ. जर्मन गणिती अडॉल्फ हुर्विट्झ (१८५९–१९१९) हे ह्या दुसऱ्या रूपाचें उदाहरण होत. पोलंडांत शेवटच्या अक्षराचा ‘च’ होऊन होरोविच झालें. रशियन लिपींत तर ‘ह’ला स्वतंत्र अक्षरच नाहीं, तेथें हिटलरचा गिटलर होतो. तेव्हां आपलें आडनांव तेथें गोरोवित्स, गुर्विच, गुरेव्हिच असें झालें. शिवाय रशियनांत ‘इव्हानोविच’ म्हणजे इव्हानचा पुत्र. त्यामुळें गुरेव्हिच हें नांव ऐकणारास बापाच्या नांवावरून पडलेलें वाटावें, आणि मूळच्या गांवाची आठवणही राहूं नये!

१९०३ सालीं कीव्ह येथें जन्मलेले जगद्विख्यात पियानोवादक व्लादिमिर होरोविट्झ रशियनांत गोरोवित्स होते. आपल्या वायुदलांत १९६३ पासून २०२५ पर्यंत राहिलेल्या ‘मिग-२१’ विमानाच्या नांवांतील ‘ग’ हा मिखाईल गुरेव्हिच ह्या अभियंत्याच्या आडनांवाचा. एक वादक, एक अभियंता. आडनांव मात्र एकच. अर्थात् आडनांव एक म्हणून रक्तही एकच, असें अनुमान कोणी काढूं नये. एका गांवचे सर्व पेणकर कोठें एका कुळांतील असतात?

ही केवळ शब्दांची मौज नव्हे. दुसऱ्या महायुद्धांत साठ लक्ष ज्यूंचा संहार झाला. वाचलेले लोक देशोदेशीं पांगले. नातेवाईक शोधावयाचे तर नोंदवह्यांतून. आणि ‘ह’खालीं शोधणारास ‘ग’खालीं लिहिलेला आप्त कसा सांपडावा? उच्चारावरून नांवें लावण्याची एक पद्धति अमेरिकेंत १९१८ पासून होती, परंतु तींत पहिलें अक्षर कायम धरीत. म्हणून १९८५ मध्यें डाइच आणि मोकोटॉफ ह्या दोघां संशोधकांनीं नवी पद्धति रचिली. तींत आरंभींच्या ‘ह’ आणि ‘ग’ ह्या दोहोंसही एकच अंक आहे. ताटातूट झालेलीं नांवें अशा रीतीनें पुनः एका रांगेंत आलीं.

प्रागच्या त्या पिंकस मंदिराच्या भिंतींवर १९५४ ते १९५९ ह्या काळांत बोहेमिया व मोरेव्हिया प्रांतांतील सुमारें ७८,००० बळींचीं नांवें हातानें लिहिण्यांत आलीं. १९६८ मध्यें मंदिर बंद झालें आणि पुढें तीं नांवें नष्ट झालीं. १९९२ ते १९९६ मध्यें तीं पुनः सर्व लिहून काढण्यांत आलीं. ज्यांस थडगें लाभलें नाहीं, त्यांचें अक्षररूप स्मारक तेवढेंच आहे.

आपल्या घरींही जुनीं कागदपत्रें असतील. तीं उतरून घेतांना पूर्वजांचें नांव जसें लिहिलें असेल तसेंच लिहा. आपल्या समजुतीप्रमाणें शुद्ध करूं नका. जें रूप आपणांस अशुद्ध वाटतें, तेंच कदाचित् पूर्वजांच्या गांवाची वाट दाखवील.