काळ्या कागदावरचा पुष्पगुच्छ



आम्ही काही चित्रकार नव्हे. काळा कागद आणि रंगीत पेन्सिली घेऊन फुले काढण्याचा नाद उतारवयात लागला, इतकाच आमचा अधिकार. परंतु त्या नादाने जे शिकवले, ते आपल्यापुढे ठेवावे म्हणतो.

पांढऱ्या कागदावर आपण सावली काढतो. उजेड कागदाचाच असतो. काळ्या कागदावर अंधार आयता मिळतो, उजेड मात्र कणाकणाने मिळवावा लागतो. रंगीत पेन्सिलीच्या मेणट रंगातून खालचा कागद दिसतोच. म्हणून झेंडूचा पिवळा थेट काळ्यावर लावला, तर फूल शेवाळल्यासारखे दिसते. आधी पांढऱ्या पेन्सिलीने हलक्या हाताने पाकळी भरावी, तीवर पिवळा द्यावा, मग कडेला नारिंगी चढवावा. दोन पाकळ्यांमधली फट कोरी ठेवावी, तीच सावली. चुकलेली रेघ खोडली, तरी तिचा पांढुरका डाग राहतो.

आता, गुच्छात फुले कोणती घ्यावीत? १८१९ साली पॅरिसमध्ये शार्लोत द लातूर या टोपणनावाने फुलांच्या भाषेवर एक पुस्तक निघाले. (आपल्या लातूरशी या बाईंचा काही संबंध नाही!) फुलाफुलाला त्यात अर्थ दिला होता. आपल्याकडे असा कोश छापावा लागला नाही. तो घराघरांत पाठ होता. दूर्वा गणपतीच्या, बेल शंकराचा, झेंडू दसऱ्याचा, आणि वेणी सवाष्णीची. या शेवटच्या अर्थापाशी आमची पेन्सिल अडली.

आमची एक आत्या अकाली विधवा झाली. पहाटे परडीभर फुले ती तोडी, देवाचे हार ती ओवी, लेकीसुनांचे गजरेही तीच करी. स्वतःच्या केसांत मात्र तिने कधी एक कळी माळली नाही. लहानपणी आम्ही विचारले, "आत्या, तुला गं?" ती म्हणाली, "मला वास पुरतो रे, बाळा." आम्हांस ते खरे वाटले!

इंग्लंडातील मेरी डेलानी १७६८ साली दुसऱ्यांदा विधवा झाल्या. १७७२ मध्ये, वयाच्या ७२ व्या वर्षी, त्यांनी रंगीत कागद कातरून काळ्या कागदावर फुले चिकटवण्यास आरंभ केला. दृष्टी अधू होईपर्यंत, दहा वर्षांत, त्यांनी अशी हजाराच्या घरात चित्रे केली. ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. आमच्या आत्याचा हातही तसाच कुशल होता. मुभा तेवढी नव्हती.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या चाली बंद करण्याचा ठराव केला. ती बातमी वाचली तेव्हा आत्या हयात नव्हती. त्या रात्री आम्ही तिच्यासाठी गुच्छ काढावयास घेतला. मध्ये अबोली, भोवती मोगरा, खाली तिने ओवलेला झेंडू. जुन्या कोशाप्रमाणे यांतली अबोली तिची नव्हे. पण तो कोश माणसांनीच रचला. माणसांनीच तो सुधारावा.

चित्र पुरे झाले, तरी निम्मा कागद काळाच राहिला. तो आम्ही झाकला नाही. घडले ते घडले.

आता एकच विनंती. घरी जाताना वाटेत गजरेवाली दिसली, तर एक गजरा अधिक घ्यावा. आणि घरात ज्या हाती तो आजवर कुणी दिला नाही, त्या हाती द्यावा. माळायचा की नाही, ते तिने ठरवावे.