‘पोलीस ॲक्शन’ या शब्दामागे



आपल्या घरांतली वडीलधारी मंडळी काळ मोजताना ‘पोलीस ॲक्शनच्या आधी’ आणि ‘पोलीस ॲक्शननंतर’ असे म्हणत आली. परवा वर्गात एका मुलीने विचारले, “सर, आले होते लष्कर, मग नाव पोलिसांचे का?”

प्रश्न लहान, पण त्यात एक मोठे तत्त्व दडले आहे. पूर्वी तलवारीने जिंकेल त्याची जमीन, असा रिवाज होता. १९४५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेने दुसऱ्या देशाच्या भूमीविरुद्ध बळाचा वापर निषिद्ध ठरवला. १९९० मध्ये इराकने कुवेत गिळला, तेव्हा सुरक्षा परिषदेने ते सामीलीकरण रद्दबातल ठरवले.

मग १९४८ चे काय? आपले वैजापूर तेव्हा निजामाच्या राज्यात होते. ऑगस्टमध्ये निजाम सरकारने सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा आत शिरल्या. १६ तारखेला परिषदेत चर्चा झाली, १७ ला निजामाने शरणागती पत्करली आणि लवकरच तक्रारही मागे घेतली. भारताचे म्हणणे असे की, हैदराबाद हा वेगळा देश नव्हेच, हा घरातला बंदोबस्त आहे. म्हणून नाव ‘पोलीस’! परिषदेने यावर निर्णय दिलाच नाही.

कायद्याचा वाद तिथे थांबला, माणसांचे दुःख मात्र थांबले नाही. रझाकारांनी जुलूम केले. विलीनीकरणाची बाजू मांडणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांचा त्याच ऑगस्टमध्ये खून झाला. पुढे निरपराध मुसलमानांवर सूड उगवला गेला. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने ते नोंदवून ठेवले आहे. पालकहो, मुलांना दोन्ही गोष्टी सांगा. एक सांगून दुसरी झाकू नका.

बळाने सरहद्द सरकते, माणूस आपला होतो तो हक्काने. १९५२ च्या निवडणुकीत या मुलखातल्या प्रत्येक प्रौढाला मत मिळाले. जहागीरदाराचे मत आणि हमालाचे मत, वजन एकच. विलीनीकरण खऱ्या अर्थाने त्या दिवशी पुरे झाले, असे मी मानतो.

मुलांनो, १७ सप्टेंबरला झेंड्याला सलाम करताना मान खाली घालू नका. शोएबुल्ला खान आपलेच होते.