लेक, लार्क आणि एक ठराव

मंडळी, स्वागताध्यक्षांनी मघाशी बोलींना 'प्रमाण भाषेची मोडतोड' म्हटलं आणि दाखला दिला इंग्रजीचा. ती बघा म्हणे, कशी एका वळणाने चालते! टाळ्याही पडल्या. अध्यक्षाने हार घालून घ्यावा आणि गोड बोलावं असा रिवाज आहे. आज तो मोडतो.

यॉर्कशायरच्या बोलीत 'लेक' असं एक क्रियापद आहे. आपली लेक नव्हे, आणि तळं तर नव्हेच; तळ्याचा शब्द लॅटिनमधला, याचं कूळच निराळं. तिथली पोरं रस्त्यावर 'लेकतात', म्हणजे खेळतात. पण खाणकामगार 'लेकतोय' म्हटलं, तर तो आज कामावर नाही. कधी मर्जीने खाडा, कधी खाणच बंद. रोजंदारी बुडालेल्या माणसालाही 'खेळतोय'च म्हणायचं! हा उपरोध कुठल्या विद्यापीठाने शिकवला?

आता मोडतोड कोणाची ते पाहू. 866 साली व्हायकिंगांनी यॉर्क घेतलं. पुढे त्यांनी तिथे वस्ती केली आणि त्यांचं 'लेइका', म्हणजे खेळणं, तिथल्या मातीत रुजलं. तुमच्या नातवंडांच्या लेगोचं नाव 'छान खेळ' अशा अर्थाच्या डॅनिश शब्दांवरून पडलं, तेही याच कुळातलं. जुन्या इंग्रजीत याचा सख्खा भाऊ होता, 'लाक'. खेळ, झुंज, देवाला वाहिलेली भेट, एवढं सगळं त्याच्या पोटात मावायचं. आज तो 'वेडलॉक'च्या शेपटीला प्रत्यय होऊन लटकतो आहे. हे घराणं प्रमाण इंग्रजीने गमावलं आणि ज्यांनी सांभाळलं त्यांना गावंढळ ठरवलं!

'लार्क' म्हणजे थट्टामस्करी, यावर तर पंडितांचंच भांडण आहे. कुणी चंडोल पक्ष्याकडे बोट दाखवतं. ऑक्सफर्डच्या कोशकारांनी वेगळी शक्यता नोंदवली: यॉर्कशायरच्या जॉकी-मोतद्दारांच्या तोंडचं 'लेक' घोड्यांच्या शौकिनांनी ऐकलं, त्यातून हा शब्द आला असावा. निकाल लागलेला नाही. मी मोतद्दारांच्या बाजूचा; चंडोल जरा जास्तच सोयीचा वाटतो.

असले शब्द कोशात बसवले जोसेफ राइट यांनी. सहाव्या वर्षी दगडखाणीत गाढव हाकणारा हा यॉर्कशायरचा पोर पंधराव्या वर्षापर्यंत निरक्षर होता. पुढे ऑक्सफर्डला प्राध्यापक झाला! त्यांचा सहा खंडांचा इंग्रजी बोलीकोश 1898 ते 1905 या काळात निघाला. 1905 मध्येच ग्रिअर्सन यांच्या भाषा-पाहणीचा मराठीचा खंडही आला, आपल्या बोलींचे नमुने घेऊन. साहेबाने तुमच्या गावची बोली छापली, आणि तुम्ही?

शालेय निबंधात बोलीतला शब्द आला की गुण कापावेत, असा ठराव माझ्यापुढे सहीला ठेवला आहे. वर इंग्रजीचा दाखला! सूचक-अनुमोदक समोरच बसले आहेत. ठराव मागे घ्या, नाहीतर सहीसाठी दुसरा अध्यक्ष शोधा.