मैदानावर मुलींची जागा

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



विषयपत्रिकेत फुटबॉल वाचून काहीजणी हसल्या. पोटगी, रेशन, मारहाण हे सगळं सोडून खेळ कुठून आला? पण मुलीच्या शरीरावर, तिच्या वेळेवर, तिच्या घराबाहेर पडण्यावर हक्क कोणाचा, हा आपलाच प्रश्न आहे. मैदानावर तो उघड दिसतो.

फिफा या जागतिक संघटनेने तरुण मुलग्यांची जागतिक स्पर्धा १९७७ साली ट्युनिशियात सुरू केली. मुलींसाठी तशी स्पर्धा भरली २००२ साली, कॅनडात. मध्ये २५ वर्षं गेली! १७ वर्षांखालील मुलींची स्पर्धा तर २००८ साली, न्यूझीलंडमध्ये सुरू झाली. हीच स्पर्धा ऑक्टोबर २०२२ मध्ये आपल्या देशात झाली: भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबई इथे. १६ संघ आले. स्पेनने कोलंबियाला १-० हरवलं तो अंतिम सामना नवी मुंबईतच झाला.

यजमान म्हणून आपल्या मुलींना थेट प्रवेश होता. त्या अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३ आणि ब्राझीलकडून ०-५ अशा हरल्या. एवढं बघून 'आपल्या मुलींना नाही जमत' म्हणणं सोपं आहे. पण संघाची कर्णधार होती झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली अष्टम उरांव. मुलगी देशाची कर्णधार झाली तेव्हा तिच्या गावात रस्ता होऊ लागला, आणि त्याच रस्त्याच्या कामावर तिचे आईवडील रोजंदारीने राबत होते. मुली कुठून मैदानापर्यंत पोचतात, ते गोलांच्या आकड्यांत दिसत नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. स्पर्धेच्या काही महिने आधी संघ युरोपच्या दौऱ्यावर होता. तिथे अल्पवयीन खेळाडूशी लैंगिक गैरवर्तन केल्याच्या आरोपावरून सहाय्यक प्रशिक्षकाला परत बोलावलं गेलं आणि कामावरून काढलं गेलं. विचार करा, परक्या देशात, घरापासून इतक्या दूर, संघात कोणाला घ्यायचं हे ज्यांच्या हातात, त्यांच्याविरुद्ध तोंड उघडायला केवढं धैर्य लागत असेल!

कायदा आपल्या बाजूने आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात क्रीडासंस्था, स्टेडियम आणि स्पर्धेची जागा हेही 'कामाचं ठिकाण' मानलं आहे. खेळाडू १८ वर्षांखालची असेल तर २०१२ चा पोक्सो कायदा लागू होतो. विश्वासाच्या किंवा अधिकाराच्या जागेवरच्या माणसाने गुन्हा केला, तर शिक्षा जास्त कडक आहे. आणि ज्याला गुन्हा कळला त्याने तो पोलिसांना कळवलाच पाहिजे.

पण मी वस्तीत काम करते तिथे मुलगी तक्रारीपर्यंत पोचण्याआधीच मैदानातून बाद होते. पाळी सुरू झाली की आई म्हणते, आता पुरे. संध्याकाळी पाणी येतं, धाकट्याला सांभाळायचं असतं. भाऊ मात्र चेंडू घेऊन निघतो. आईला दोष देऊन काय उपयोग? मैदानाजवळ संडास नाही, दिवे नाहीत, शिकवायला बाई नाही. तिची भीती खोटी नाही.

म्हणून आपल्या मागण्या साध्या असाव्यात. सार्वजनिक मैदानावर मुलींसाठी राखीव वेळ. संडास, पाणी, दिवे. मुलींच्या प्रत्येक संघाबरोबर, विशेषतः प्रवासात, एक जबाबदार बाई. आणि प्रत्येक क्रीडासंस्थेत तक्रार समिती, तिच्या सदस्यांची नावं भिंतीवर लावलेली. आपल्या तालुक्याच्या क्रीडासंकुलात जाऊन विचारा, समिती आहे का? उत्तर लेखी मागा.

ऑक्टोबर २०२५ मध्ये भारताच्या १७ वर्षांखालील मुलींनी उझबेकिस्तानला २-१ हरवून २०२६ च्या आशियाई स्पर्धेत प्रवेश मिळवला. ही जागा यजमान म्हणून मिळालेली नव्हती. ती त्यांनी खेळून घेतली. आपल्या वस्तीतल्या मुलींना निदान खेळायला तरी जागा मिळवून देऊ या.