पूर्वानुभवाची अट

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवात गतकाळाचे स्मरण करावे हा प्रघात योग्यच आहे. परंतु आज आम्ही आपल्या मुलांविषयी बोलण्याची अनुज्ञा मागून घेतली आहे. आपल्यापैकी बहुतेकांना दिल्लीत आणले ते नोकरीने. बदलीचा हुकूम, सरकारी निवासस्थान आणि निवृत्तिवेतन या आधारावर आपले संसार उभे राहिले. म्हणूनच शिकलेल्या मुलाने वा मुलीने “नोकरी नको, मित्रांबरोबर स्टार्टअप काढायचे आहे” असे म्हटले, की आपल्या घरात शांतता पसरते. त्या शांततेविषयी आम्हांला बोलायचे आहे.

प्रथम याच शहरातले एक उदाहरण. अंध व्यक्तीच्या हातातील पांढरी काठी जमिनीवरचा अडथळा सांगते. गुडघ्याच्या वरचे तिला कळत नाही. झाडाची खाली आलेली फांदी, उघडी खिडकी, उभ्या ट्रकचा मागचा भाग यांवर माणूस सरळ आदळतो. 2005 च्या सुमारास दिल्लीच्या आय. आय. टी.तील विद्यार्थ्यांनी प्राध्यापक एम. बालकृष्णन यांच्या मार्गदर्शनाखाली हा प्रश्न अभ्यासक्रमातील प्रकल्प म्हणून हाती घेतला. काठीच्या मुठीवर बसणारे एक यंत्र त्यांनी घडविले. ते कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी सोडते, परत आलेल्या लहरींवरून अडथळ्याचे अंतर ओळखते आणि मुठीच्या कंपनाने धोका कळविते. तीन मीटरपर्यंतचा अडथळा त्याला समजतो.

प्रयोगशाळेत यंत्र चालू झाले, तेव्हा काम संपले असे कोणासही वाटले असते. खरे काम तेथून सुरू झाले. अंध व्यक्ती काठी निरनिराळ्या तऱ्हांनी धरतात. एका तऱ्हेस सोयीचे यंत्र दुसरीस अडचणीचे होते. निरनिराळ्या शहरांतील अंध बंधुभगिनींच्या हाती ते देऊन, त्यांचे ऐकून, पुन्हा पुन्हा बदलावे लागले. ‘सक्षम’ ही संस्था आणि चेन्नईची एक उत्पादक कंपनी यांची साथ मिळाली, आणि 2014 साली ‘स्मार्टकेन’ सुमारे 3,000 रुपयांना लोकांच्या हाती आली. वर्गातील प्रकल्पापासून बाजारापर्यंतची वाट सुमारे नऊ वर्षांची ठरली.

दुसरे उदाहरण परदेशात सुरू होऊन आपल्या देशात आलेले आहे. 2007 साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या काही विद्यार्थ्यांना, अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी स्वस्त उबपेटी तयार करा, असा अभ्यास दिला गेला. त्यांच्यापैकी एकजण नेपाळला गेला. शहरातील इस्पितळात उबपेट्या होत्या, पण त्या रिकाम्या होत्या. कारण खेड्यातील बाळे तेथवर पोहोचतच नव्हती. तेव्हा त्यांनी पेटीचा विचार सोडला आणि आईला जवळ बाळगता येईल असे, लहान दुलईच्या पिशवीसारखे आवरण केले. त्यात मेणासारख्या पदार्थाची एक पिशवी असते. ती एकदा तापवली, की विजेवाचून काही तास बाळाला 37 अंशांची ऊब देते.

पुढे ही मंडळी बंगळूरला येऊन राहिली. आपल्याकडच्या एका खेड्यातील मातेला त्यांनी विचारले, “डॉक्टरांनी 37 अंश सांगितले, तर तुम्ही काय कराल?” ती म्हणाली, ही औषधे फार जहाल असतात, म्हणून आपण थोडे कमीच ठेवू. आकडा दाखविणारी पट्टी त्यांनी काढून टाकली आणि तिच्या जागी केवळ ‘ठीक’ वा ‘ठीक नाही’ एवढेच दाखविणारी खूण आणली. त्या मातेला भेटले नसते, तर उत्तम यंत्र असूनही बाळ गारठले असते.

मराठी माणसाला यात नवल वाटू नये. मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली संस्थेतील शिक्षकाची नोकरी सोडून लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावला आले, तेव्हा त्यांच्याही घरी अशीच शांतता पसरली असेल. त्यांनी लोखंडी नांगर केला. पण लोखंडाने जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज होता, आणि पहिले नांगर खपायला मोठा काळ लागला. आज आपण किर्लोस्करवाडीचा अभिमान सांगतो. त्या न खपलेल्या नांगरांचे दिवस मात्र विसरतो.

आता आमचाच एक दोष सांगतो. 2016 च्या आधीची गोष्ट. सांडपाणी शुद्ध करण्याचे छोटे यंत्र घेऊन दोन तरुण आमच्या कार्यालयात आले होते. यंत्र चांगले होते. निविदेच्या अटीनुसार आम्ही फायलीवर शेरा लिहिला, “पूर्वानुभव नाही.” नियमाने आमचे काही चुकले नव्हते. ते तरुण पुन्हा आले नाहीत.

आमची कन्या तेव्हा शाळेत होती. आज ती अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि मैत्रिणींसह घरगुती कचऱ्याच्या प्रश्नावर काही करू पाहते. आम्ही नको म्हटले, कारणही तेच दिले. ती शांतपणे म्हणाली, “बाबा, कोणी पहिले काम दिलेच नाही, तर पूर्वानुभव आणायचा कोठून?” आम्हांला ती जुनी फाईल आठवली.

सुदैवाने नियम बदलले आहेत. गुणवत्ता राखून नवोद्योगांना पूर्वानुभव व उलाढाल यांच्या अटी शिथिल करण्याची तरतूद शासकीय खरेदीत 2016 पासून आहे. 2019 च्या राष्ट्रीय धोरणाने उच्च शिक्षणसंस्थांना सुचविले आहे, की विद्यार्थ्यांस एखादे सत्र वा वर्ष खंड घेऊन उद्योग उभारता यावा व पुन्हा शिक्षणात परतता यावे. नियमाचे बळ केवढे, तेही पाहा. डिझेल जनित्राच्या धुरातील काजळी पकडून तिची शाई करण्याचा उद्योग दिल्लीच्याच आय. आय. टी.तून निघालेल्या तरुणांनी उभारला. पुढे 2023 साली दिल्ली परिसरातील मोठ्या जनित्रांना धूर रोखणारे उपकरण किंवा दुहेरी इंधनाची सोय आवश्यक ठरली. कालचा छंद आज गरजेची वस्तू झाला.

यातले बरेच उद्योग बंद पडतात, हे आम्ही लपवीत नाही. म्हणून मुलांना डोळे मिटून आशीर्वाद देऊ नका, प्रश्न विचारा. हे ज्याच्यासाठी करता, त्याला किती वेळा भेटलात? पैसे कोण देणार? मोडले तर दुरुस्त कोण करणार? या प्रश्नांची उत्तरे शोधायला त्यांना साहाय्यही करा. आपल्या मंडळात निविदा लिहिणारे, हिशेब तपासणारे, इस्पितळे चालविणारे सभासद आहेत. महिन्यातून एक रविवार हे सभागृह अशा मुलांसाठी ठेवावे, अशी आमची कार्यकारिणीस विनंती आहे.

कन्येला आम्ही एवढेच सांगितले आहे: दोन वर्षे घरच्या जेवणाची चिंता करू नकोस, तिसऱ्या वर्षी आपण दोघे बसून हिशेब मांडू. निर्णय बरोबर ठरेल की नाही, हे आज सांगता येत नाही. त्या जुन्या फायलीवरचा शेरा मात्र आम्ही आपल्या घरात दुसऱ्यांदा लिहिणार नाही.